बाहेरून अॅक्सेसरी बसवली, आता वॉरंटी कोण देणार? आधी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा

गाडीला बाहेरून काहीतरी बसवून घेतलं, कॅमेरा म्हणा, स्टिरिओ म्हणा, फॉग लॅम्प म्हणा, आणि पंधरा दिवसांनी गाडीत काहीतरी बिघडलं की पुढचा सीन ठरलेला असतो. सर्व्हिस सेंटरवाला बोनेट उघडतो, बॅटरीच्या प्लसला अडकवलेली एक लाल वायर आणि तिच्यावर गुंडाळलेली काळी टेप बघतो, मोबाईल काढून फोटो मारतो आणि म्हणतो, "सर, बाहेर काम झालंय, हे वॉरंटीत नाही बसणार." तुम्ही तिथून तडक फिटिंगवाल्याकडे जाता. तो स्क्रीन चालू करून दाखवतो, "हे बघा, माझा माल चालतोय ना? मग गाडीत प्रॉब्लेम आहे." बॅटरीवाला त्याचं मशीन लावतो आणि सांगतो बॅटरी खराब नाहीये, नुसती उतरलीय, चार्ज करा, क्लेम होत नाही. तिघंही आपापल्या जागी थोडं थोडं खरंच बोलत असतात आणि गाडी मात्र दर चौथ्या दिवशी सकाळी टिक टिक करत उभी.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, म्हणजे अशी टोलवाटोलवी झाली की शेवटी गाडी माझ्याकडे येते. आणि आल्या आल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "दादा, वॉरंटी गेली का हो माझी?" माझं म्हणणं असं की या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण वॉरंटी नावाची एक वस्तू नसतेच. गाडी कंपनीची एक, बॅटरी आणि टायरची बहुतेक वेळा त्यांच्या त्यांच्या कंपनीची वेगळी, अॅक्सेसरी बनवणाऱ्याची तिसरी (ती फक्त त्या डब्यातल्या वस्तूची, तुमच्या गाडीची नाही), आणि फिटिंगची चौथी, जी बऱ्याचदा फक्त तोंडी असते, "काय झालं तर आणा, बघू." भांडण होतं ते या चौघांच्या मधल्या फटीत. कॅमेरा चांगला, गाडी चांगली, बॅटरी चांगली, पण कॅमेऱ्याला करंट कुठून घेतला ते चुकलं, आता हे कुणाच्या वॉरंटीत बसतं सांगा? चौथ्या. आणि चौथीचा कागदच नाही.

दुसरं म्हणजे "पूर्ण गाडीची वॉरंटी व्हॉइड झाली" हे वाक्य. हे काउंटरवर फार सहज फेकलं जातं. वॉरंटीची पुस्तिका काढून वाचा, कंटाळवाणी असते पण अपवादांची पानं दोन-तीनच असतात. साधारणपणे तिथे अशा अर्थाचं लिहिलेलं असतं की बाहेरच्या पार्टमुळे किंवा बदलामुळे जे नुकसान होईल ते आम्ही भरून देणार नाही. त्या "मुळे"वर सगळी गंमत आहे. सीट कव्हर घातलं म्हणून गिअरबॉक्सच्या ऑइल लीकची वॉरंटी जात नाही, दोघांचा काही संबंधच नाही. अमेरिकेत तर १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे, तिथे नुसता बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावर वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. तुम्ही राहता तिथला कायदा वेगळा असेल, पण डोकं हेच लावायचं. अॅक्सेसरी आहे की नाही हा वाद घालू नका, ती आहेच, दिसतेच आहे. बिघाड तिच्यामुळे झाला का, एवढंच विचारत राहा. हां, कंपनीच्या हार्नेसची (गाडीतल्या वायरींच्या जुडग्याची) वायर कापून जोड मारला असेल तर मात्र त्या सर्किटपुरतं तुमचं पारडं हलकं होतं, त्यात काही लपवण्यासारखं नाही.

आता निवारणाकडे येऊ, आणि पहिली गोष्ट म्हणजे काय करू नका ते सांगतो. सर्व्हिसला जायच्या आदल्या रात्री अॅक्सेसरी काढून टाकू नका. नव्वद टक्के लोक हेच करतात (नव्वद म्हणजे माझा अंदाज, मोजायला कोण बसलंय). त्यांना वाटतं काढली की पुरावा गेला. अहो, टेपचा चिकटा राहतो, ट्रिमच्या (आतल्या प्लास्टिक पॅनेलच्या) क्लिपा तुटलेल्या असतात, वायरच्या इन्सुलेशनला टॅपचा (चालू वायरवरून करंट घ्यायच्या क्लिपचा) दात लागलेला असतो, मेकॅनिकला दोन मिनिटांत कळतं आणि मग तुम्ही जे जे खरं बोलाल तेही खोटं वाटायला लागतं. शिवाय काढताना बॅटरीची वायर सोडलीत तर कंट्रोल युनिटमधले (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमधले) फॉल्ट कोड आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी व्होल्टेज किती होतं, स्पीड किती होता वगैरे साठवलेलं असतं, ते पुसलं जाण्याची शक्यता असते. म्हणजे तुमच्याच बाजूचा साक्षीदार तुम्हीच घालवलात. त्यापेक्षा जसं आहे तसं फोटो काढा, वायर कुठून निघते, कुठे जाते, कुठल्या फ्यूजला टॅप केलंय, किलोमीटर किती झालेत, सगळं.

मग मोजायचं. बॅटरी उतरण्याची तक्रार सगळ्यात जास्त येते म्हणून तेच घेतो, आणि एका गाडीचं सविस्तर सांगतो म्हणजे कळेल.

गाडी दीड वर्षाची, डॅशकॅम आणि मागचा कॅमेरा बसवलेला, तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. सर्व्हिस सेंटरने दोनदा चार्ज करून दिली, तिसऱ्यांदा हात झटकले. मी मल्टिमीटर १० अँपिअरवर लावून बॅटरीच्या मायनसमध्ये सिरीजमध्ये घेतला, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल असा. बोनेट उघडं असलं तरी लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केली, नाहीतर गाडीला वाटतं बोनेट उघडं आहे आणि ती झोपतच नाही. दरवाजे लॉक, चावी लांब ठेवली, आणि थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं आहे, लोक पाच मिनिटांत आकडा बघतात आणि दीड अँपिअर दीड अँपिअर म्हणून बोंब मारतात, गाडीतली मॉड्यूल्स, म्हणजे तीच कंट्रोल युनिट्स, झोपायला अर्धा तास कधी तासही घेतात. (आणि मीटर सिरीजमध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. मला विचाराल तर हे शिकायला मला तीन फ्यूज लागले.) पाऊण तासाने आकडा स्थिर झाला ०.३४ अँपिअरवर. चांगल्या झोपलेल्या गाडीचा साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत पाहिजे, म्हणजे ०.०५. इथे जवळजवळ सातपट.

आता हिशोब करा. ०.३४ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-अवरच्या थोडं वर. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. तीन दिवसांत अर्ध्याहून जास्त रिकामी, आणि दीड वर्ष वापरलेली म्हणजे ४५ पण पूर्ण नसणार. चौथ्या दिवशी टिक टिक. तक्रार आणि आकडा अगदी जुळले.

पुढे कुठल्या सर्किटवर जातोय ते शोधायचं. पूर्वी आम्ही एकेक फ्यूज उपटायचो, पण नव्या गाड्यांत फ्यूज परत घातला की मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा पाऊण तास बसा. त्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात ना, त्यांच्यावर मीटरच्या दोन पिना मिलिव्होल्टवर ठेवायच्या. करंट वाहत असेल तर थोडासा व्होल्टेज ड्रॉप दिसतो, नसेल तर शून्य. एक एक करत गेलो तर एका फ्यूजवर आकडा आला, आणि त्यालाच डॅशकॅमचा टॅप. तो काढला, करंट ०.०३ वर आला. परत लावला, ०.३४. दोन्ही वेळा मीटरचा फोटो, शेजारी मोबाईलवर वेळ. एवढं झालं की पुढचं भांडण पाच मिनिटांचं राहतं.

म्हणजे डॅशकॅम दोषी? तसंही नाही, जरा थांबा. डॅशकॅमला पार्किंग मोड होता, गाडी बंद असताना तो चालूच राहणार, ते त्याचं कामच आहे. त्यासाठी हार्डवायर किटमध्ये (कॅमेऱ्याला फ्यूजवरून करंट देणारं वायरीचं किट) लो व्होल्टेज कटऑफ असतो, बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की किट कॅमेरा बंद करतं. फिटरने तो ११.६ वर ठेवला होता. आता १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत १२.६ ला भरलेली असते, १२.२ ला अंदाजे अर्धी, १२ च्या आत आली की पावच्याही खाली, ११.८ म्हणजे रिकामीच धरा. म्हणजे बॅटरी मेल्यावर कटऑफ होणार, असा कटऑफ काय कामाचा. बारीकसा स्विच होता, नखाने सरकवला, १२.४ वर आणला. वस्तू चांगली, गाडी चांगली, सेटिंग चुकीचं, म्हणजे चौथी वॉरंटी, फिटिंगची. फिटरला फोटो पाठवले तेव्हा तो एक शब्द बोलला नाही.

पण याच्या बरोब्बर उलटं पण होतं आणि ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. दुसरी एक गाडी, बाहेरचा स्टिरिओ. सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डावरच लिहून टाकलं, स्टिरिओमुळे बॅटरी उतरते. मालकाने बिचाऱ्याने स्टिरिओ काढून घरी ठेवला, तरी बॅटरी उतरते ती उतरतेच. मी मोजलं तर ०.४ अँपिअर. हा आकडा बघूनच माझ्या डोक्यात घंटा वाजली, कारण पाच वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ०.४ अँपिअरच घेतो. गाडीत पाच वॅटचे बल्ब कुठे कुठे असतात? डिक्कीत, छताला, ग्लोव्ह बॉक्समध्ये. मोबाईलचा व्हिडिओ चालू करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला, झाकण लावलं, मिनिटाने काढून बघितला तर आत लख्ख उजेड. झाकणाने दाबायचा स्विचच दबत नव्हता. तो कंपनीचा स्विच, कंपनीचं झाकण, गाडी वॉरंटीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तो व्हिडिओ सर्व्हिस सेंटरच्या अॅडव्हायझरला दाखवल्यावर स्विच त्याच दिवशी बदलून मिळाला, जॉब कार्डावरची स्टिरिओची ओळ मात्र खोडून घ्यायला भांडावं लागलं, आणि ती खोडून घेणं जास्त गरजेचं होतं, का ते खाली येतं.

स्कॅनरच्या बाबतीत पण एक. काउंटरवर स्कॅनर लावून लालभडक चौदा कोड दाखवतात आणि म्हणतात बघा तुमच्या अॅक्सेसरीने काय केलंय. घाबरू नका. बॅटरी खाली गेली की कंट्रोल युनिट्स एकमेकांशी बोलणं सोडतात आणि धडाधड कोड टाकतात, पी०५६२ म्हणजे सिस्टीम व्होल्टेज कमी, यू ने सुरू होणारे कोड म्हणजे नेटवर्कवर कुणाचातरी आवाज बंद झालाय. हे बऱ्याचदा परिणाम असतात, कारण नाही. यादी प्रिंट करून किंवा फोटो काढून घ्या, मग बॅटरी पूर्ण चार्ज करून कोड क्लिअर करायला सांगा आणि कोणते परत येतात ते बघा. परत येणारे दोन कोड त्या चौदापेक्षा जास्त सांगतात.

ओबीडी पोर्टला, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटला, डोंगल (मोबाईलवर गाडीची माहिती दाखवणारी छोटी डबी) लावून ठेवायची सवय असेल तर तेही लक्षात ठेवा. त्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरची पिन थेट बॅटरीची, चावी काढली तरी चालू. डोंगल स्वतः थोडं खातं ते वेगळं, पण काही डोंगल नेटवर्कवर सारखी विचारपूस करत राहतात आणि गाडीलाच झोपू देत नाहीत. शोरूमला जाताना लोक स्टिरिओ काढतात आणि डोंगल तसंच विसरतात.

बरं, आता बॅटरी सोडून बाकीचं. सगळीकडे अशी मोजणी लागत नाही, काही ठिकाणी उघडच असतं. हेडलाइटचा बल्ब घ्या. कंपनीचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे एकेक बल्ब साधारण पाच अँपिअर. लोक १००/९० किंवा त्याहून मोठा घालतात, करंट दीडपटीहून जास्त, वायर तीच, होल्डर तोच, स्विच तोच. होल्डर पिवळा पडून वितळला, काचेमागचा रिफ्लेक्टर काळवंडला की तो क्लेम विसरा, मी कंपनीत असतो तर मीही दिला नसता. मोठा बल्ब घालायचाच असेल तर रिलेचा वेगळा हार्नेस घ्या, ज्यात बल्बचा करंट जाड वायरने थेट बॅटरीवरून फ्यूजमधून येतो आणि गाडीचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो. तरी उष्णतेचा प्रश्न राहतोच.

फ्यूजवरून आठवलं. वारंवार फ्यूज उडतोय म्हणून १० च्या जागी २० चा घालणारे महाभाग अजून आहेत. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो हो, तुमच्या अॅक्सेसरीला चालू ठेवण्यासाठी नाही. वायर जळाली आणि फ्यूज बॉक्समध्ये चुकीच्या रंगाचा फ्यूज सापडला की मग कुठलाही कायदा, कुठलीही पुस्तिका काढा, उपयोग नाही.

मोठी चाकं लावली, टायरचा बाहेरचा व्यास बदलला, की स्पीडोमीटर आणि किलोमीटर चुकीचे दाखवणार, आणि व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा क्लेम आला की बोट तिकडेच जाणार. सीटच्या कडेला एअरबॅग असेल आणि वरून घट्ट कव्हर चढवलं असेल तर तो वॉरंटीच्या आधी जिवाचा प्रश्न आहे. पुढे लोखंडी गार्ड बसवला आणि रडार त्याच्या मागे लपलं, मग पुढच्या गाडीचा इशारा देणारी सिस्टीम बंद पडली म्हणून तक्रार घेऊन जाऊ नका, आधी गार्ड काढून बघा. याउलट एसीचा कॉम्प्रेसर, क्लच, पेंट सोलणं, दरवाजाचं रबर, यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी सुतराम संबंध नाही. तिथे कुणी अॅक्सेसरीचं नाव काढलं तर हसून पुढे जा, म्हणजे काउंटरवर बसून राहा.

मधला जो भाग असतो, रिमोट लॉक, अलार्म, स्टेअरिंगच्या बटणांचा अॅडॉप्टर, म्हणजे जे गाडीच्या कॅन नेटवर्कच्या (ज्यावरून कंट्रोल युनिट्स एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरींना जोडलेलं असतं, तिथे खरी डोकेदुखी. कारण तिथे दोष कधी येतो कधी जातो. तिथे एकच उपाय, सिस्टीम मूळ अवस्थेत आणून गाडी काही दिवस चालवून बघायची. आणि म्हणून मी सारखं सांगतो की बसवतानाच कपलर टू कपलर हार्नेस मागा, म्हणजे वायर न कापता कंपनीच्या प्लगमध्ये प्लग बसतो तो. तो असेल तर दोन कपलर सोडले, कंपनीचे एकमेकांत घातले, पाच मिनिटांत गाडी जशी होती तशी. वायर कापून टेप मारली असेल तर मूळ अवस्था म्हणजे काय हेच कुणाला सांगता येत नाही. (हे लपूनछपून काढण्यापेक्षा वेगळं आहे बरं का, इथे तुम्ही सर्व्हिस सेंटरला आधी सांगून काढताय आणि तसं लिहून घेताय.)

आता बोलायचं कसं, कारण अर्धे क्लेम पहिल्या वाक्यातच मरतात. अॅडव्हायझर विचारतो काय झालं, आणि आपण काय म्हणतो? "कॅमेरा बसवल्यापासून बॅटरी उतरतेय." झालं! त्याने तेच जॉब कार्डावर लिहिलं, तुम्ही खाली सही केली, म्हणजे कारण काय ते तुम्हीच ठरवून दिलंत. असं लिहायला सांगा की गाडी चार दिवस उभी राहिली की स्टार्ट होत नाही, अमुक तारखांना झालं, गाडीत बाहेरून डॅशकॅम बसवलेला आहे. खोटं काही नाही, लपवलेलं काही नाही, फक्त लक्षण वेगळं आणि अंदाज वेगळा. सही करायच्या आधी वाचा, मराठीत बोललेलं तिथे इंग्रजीत भलतंच होऊन बसलेलं असतं.

नाही म्हणाले तर वाद न घालता शांतपणे तीन गोष्टी लिहून मागा. कुठला पार्ट गेला, कुठली टेस्ट करून काय आकडा आला, आणि अॅक्सेसरीमुळे तो पार्ट नेमका कसा गेला. एकदा एका गिऱ्हाइकाबरोबर मी स्वतः गेलो होतो. अॅडव्हायझर आधी म्हणाला, "सर, लिहून देता येत नाही." हा म्हणाला, "बरं, मग लिहून देता येत नाही एवढं तरी लिहून द्या." तो आत गेला, दहा मिनिटांनी आला, बरोबर एक वयस्क टेक्निशियन. त्याने पहिल्यांदा मीटर काढला. म्हणजे त्या गाडीवर तोवर कुणी मीटर लावलेलाच नव्हता! तीन व्हिजिट झाल्या होत्या. अॅडव्हायझरवर फार राग धरू नका, वॉरंटीचा क्लेम पुढे कंपनीने नाकारला की तो खर्च बहुतेक वेळा वर्कशॉपच्या गळ्यात पडतो, म्हणून लाल वायर दिसली की ते आधीच बिचकतात. तुम्ही त्याला आकडे आणि फोटो दिलेत तर क्लेम पाठवायला त्यालाच सोपं जातं.

कधी कधी "अर्धं आम्ही, अर्धं तुम्ही" अशी ऑफर येते. घ्यायची की नाही तुमचं तुम्ही ठरवा, पण तिथे काय लिहिलंय ते बघा. सद्भावना म्हणून दिलं असं लिहिलं असेल तर ठीक, "अॅक्सेसरीमुळे बिघाड, ग्राहकाला मान्य" असं असेल तर सही करू नका, कारण पुढच्या वेळी त्याच सिस्टीमचं काही निघालं की हीच ओळ समोर येणार. त्या स्टिरिओवाल्याची ओळ खोडून घेतली ती म्हणूनच.

फिटरच्या बाजूचं बोलायचं तर बिल. बहुतेकांच्या बिलावर असतं "कॅमेरा, १ नग". बस. फिटिंगचा उल्लेखच नाही, मग फिटिंगची जबाबदारी कुठून येणार? बिलावर फिटिंग वेगळं लिहून घ्या, करंट कुठून घेतला, फ्यूज किती अँपिअरचा, फिटिंगची गॅरंटी किती महिने. जो हे लिहायला कां कू करतो त्याच्याकडे ट्रिम उघडू देऊ नका. आणि वस्तू ऑनलाइन मागवून भलत्याकडून बसवून घेण्याचा प्रकार मला अजिबात पटत नाही, विकणारा म्हणतो फिटिंग चुकलं, बसवणारा म्हणतो माल हलका, आणि तुमच्या हातात दोघांचाही कागद असून नसल्यासारखा. जो विकतो त्यानेच बसवावं. शोरूममध्ये बसवलं म्हणजे निर्धास्त असंही नाही हां. डीलर वेगळा आणि कंपनी वेगळी. ती अॅक्सेसरी कंपनीच्या पार्ट नंबरची आहे की डीलरने बाहेरून आणून लावली, आणि तिची वॉरंटी किती महिन्यांची, हे त्याच दिवशी विचारा. गाडीची मोठी असते म्हणून अॅक्सेसरीची पण तेवढीच असेल असं नसतं.

माझी स्वतःची पण एक चूक सांगतो, नाहीतर वाटेल मी फक्त इतरांना नावं ठेवतो. एका गाडीत अॅम्प्लिफायरचं अर्थिंग करायला मी कार्पेटखाली पत्र्यात सेल्फ टॅपिंग स्क्रू मारला. मागे हार्नेस जातोय ते हात घालून बघितलं नाही. स्क्रूचं टोक एका वायरला हलकंसं टेकलं, लगेच काही झालं नाही, तीन आठवड्यांनी मागची पॉवर विंडो मधूनच बंद पडायला लागली, तीही खड्ड्यातून गेलं की. गिऱ्हाईक दोन वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आलं, तिथे विंडोची मोटर वॉरंटीत बदलून दिली सुद्धा, तरी तेच. शेवटी माझ्याकडे आला आणि मोबाईलमध्ये त्याने फिटिंगच्या दिवशी काढलेला फोटो दाखवला, माझा स्क्रू आणि त्याच्या शेजारी तो हार्नेस. काय बोलणार. वायर दुरुस्त करून दिली, अर्थिंग कंपनीच्याच बोल्टवर घेतलं, एक पैसा घेतला नाही. तो फोटो नसता तर मीही म्हणालो असतो की विंडोचा आणि अॅम्प्लिफायरचा काय संबंध.

त्या डॅशकॅमवाल्या गाडीचं राहिलं. सेटिंग बदलल्यावर गाडी आठवडाभर उभी ठेवून बघितली, सेल्फ एका दमात लागला. बॅटरी मात्र इतक्या वेळा पूर्ण उतरल्यामुळे थकलीच होती, टेस्टरवर क्षमता बरीच खाली दाखवत होती. फिटरने अर्धी किंमत द्यायचं कबूल केलं, अर्धी मालकाने भरली, कारण दीड वर्ष त्याने ती वापरली होती आणि नवी मिळत होती. मग मी त्याला परत सर्व्हिस सेंटरला पाठवलं, दुरुस्तीला नाही, फक्त एक ओळ लिहून आणायला, की बॅटरी उतरण्याचं कारण सापडलं, गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये काही दोष किंवा कापाकापी नाही, गाडी बंद असताना करंट ०.०३. अॅडव्हायझर म्हणाला याची काय गरज आहे. हा म्हणाला, लिहा हो, तुमच्याच सिस्टीमवर राहील.